व्हिडिओ आपला, पण हक्क कुणाचा?

‘हजार सबस्क्रायबर झाले की पैसे चालू होतात.’ यूट्यूबच्या कमाईविषयी गावागावांत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या स्टेशन रोडवर चहा पिता पिता ते ऐकू येतं, कॉलेजच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे वर्षवर्ष मेहनत केलेल्या पोरापोरींच्या हाती काही लागत नाही. म्हणून नियम नीट उलगडून सांगावेसे वाटतात.

हा हजाराचा आकडा आला जानेवारी २०१८ मध्ये. त्याआधी चॅनेलला एकूण १० हजार व्ह्यूज मिळाले की जाहिराती लागत. २०१८ पासून अट झाली ती १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. तुमचा व्हिडिओ आठ मिनिटांचा आहे आणि माणूस सरासरी चार मिनिटं टिकतो असं धरलं, तर वर्षभरात ६० हजार वेळा तो पाहिला जायला हवा. गावातले, नात्यातले, ओळखीपाळखीचे सगळे धरून हजार सबस्क्रायबर होतातही. तास मात्र ओळखीने भरत नाहीत. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ या तासांत धरत नाहीत. त्यासाठी वेगळा दरवाजा आहे. हजार सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज झाले, तरी अर्ज करता येतो. जून २०२३ मध्ये एक खालची पायरीही आली. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ, आणि वर्षभरात ३,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज. या पायरीवर जाहिरातीचे पैसे मिळत नाहीत. लाइव्हमध्ये प्रेक्षकांनी दिलेले सुपर चॅट, मेंबरशिप असं काही मिळतं.

आकडा भरला म्हणजे पैसे चालू झाले, असं मात्र नाही. आकडा भरला की फक्त अर्ज करता येतो. मग चॅनेल तपासलं जातं. चॅनेलचा मुख्य विषय काय, सर्वांत जास्त पाहिलेले व्हिडिओ कोणते, नवे कोणते, वॉच टाइम कशावर जमला, शीर्षकं आणि थंबनेल काय म्हणतात, हे सगळं बघतात. साधारण महिनाभर लागतो. इथे सर्वाधिक चॅनेल अडकतात ती ‘रियूज्ड कंटेंट’च्या कारणाने, म्हणजे दुसऱ्याचं उचलून लावलेलं. सिनेमातले प्रसंग जोडून, टीव्हीवरची बातमी रेकॉर्ड करून, दुसऱ्याच्या रील्स एकामागोमाग एक लावून तास भरलेले असतात. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने साच्यातून काढल्यासारख्या व्हिडिओंच्या नियमाचं नाव बदलून ‘इनऑथेंटिक कंटेंट’ केलं. एकाच पठडीतले, फक्त चित्र आणि नाव बदललेले, यंत्राच्या आवाजातले शेकडो व्हिडिओ त्यात येतात. एआय वापरायला बंदी नाही. माणसाने त्यात काही घातलेलं नसेल तर पैसे नाहीत.

म्हणजे यूट्यूब विचारतं ते इतकंच, की हे तुमचं आहे का? माझ्या मते पुढचे सगळे नियम, मग ते यूट्यूबचे असोत, कॉपीराइट कायद्याचे असोत की आयकर खात्याचे, याच प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहेत.

पैशांचं गणित थोडक्यात सांगतो. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलला, बाकी यूट्यूबला. शॉर्ट्सचं सगळं उत्पन्न आधी एकत्र गोळा होतं, गाणी वापरलेल्या शॉर्ट्सच्या हिशेबाने संगीत कंपन्यांचा भाग बाजूला निघतो, आणि उरलेल्यातून व्ह्यूजप्रमाणे जो वाटा तुमच्या नावे पडेल त्याचे ४५ टक्के तुम्हाला मिळतात. तुम्ही शॉर्टमध्ये गाणं वापरलं म्हणून तुमचे टक्के कमी होत नाहीत. हा गैरसमज फार पसरलाय. हजार व्ह्यूजला किती, याचा ठरलेला दर मात्र नसतो. बाजार समितीच्या यार्डात कापसाचा भाव जसा प्रतीवर, ओलाव्यावर आणि त्या दिवशीच्या खरेदीदारांवर ठरतो, तसाच इथे जाहिरातदारांच्या बोलीवर ठरतो. प्रेक्षक कुठला, विषय कोणता, महिना कोणता, सगळ्याचा परिणाम होतो. दिवाळीच्या सुमारास जाहिराती वाढतात, जानेवारीत ओसरतात. म्हणून ‘अमक्याला लाख व्ह्यूजला इतके मिळाले’ हे ऐकून आपलं बजेट करू नये.

पुढचा टप्पा पोस्टमनचा. खात्यात १० डॉलर जमले की यूट्यूबचे पैसे देणाऱ्या गुगल ॲडसेन्सकडून पत्त्यावर एक पत्र येतं. त्यात सहा आकडी पिन असतो. तो खात्यात टाकल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि चार महिन्यांत टाकला नाही तर जाहिराती बंद होतात. हे पत्र साध्या टपालाने येतं. दारूगोळा भांडाराच्या, म्हणजे डेपोच्या, क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांची बदली होते, भाड्याच्या खोलीत राहणारे खोली बदलतात, आणि पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन पडतं. पत्ता आधार किंवा बँक पासबुकाशी जुळेल असा, पोस्टमनला कळेल अशा खुणेसकट लिहावा. पोस्टात एकदा सांगून ठेवलं तर आणखी चांगलं. खातं १८ वर्षांवरच्या माणसाच्याच नावे निघतं. मुलगा लहान असेल तर आईवडिलांचं खातं जोडता येतं. एका माणसाचं एकच खातं. जमा रक्कम १०० डॉलरवर गेली की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान बँकेत येते.

आणि खात्याची राखण. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे चॅनेल बहुतेक मराठी घरांना माहीत आहे. सत्तरीतल्या आजी स्वयंपाक करतात आणि नातू यश पाठक चित्रीकरण करतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हे चॅनेल हॅक झालं. काही दिवसांनी ते परत मिळालं, पण तेवढ्या दिवसांत एका घराची सगळी मेहनत दुसऱ्याच्या हातात गेली होती. आज कमाईसाठी अर्ज करताना टू-स्टेप व्हेरिफिकेशन सक्तीचं आहे. ‘मोनेटायझेशन चालू करून देतो’ म्हणून पासवर्ड मागणाऱ्याला तो देऊ नये. वॉच टाइम विकत देणारे, ‘तू मला सब कर, मी तुला करतो’ म्हणणारे ग्रुप, हे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहेत आणि पकडले गेले की भरलेले तास वाया जातात.

आता मी ज्या विषयाकडे यायला उत्सुक होतो तो विषय, भजनाचा.

वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर, इकडे वर्धा जिल्ह्यात आणि तिकडे अमरावतीत, खंजिरी भजनाची मंडळं गावोगावी आहेत. सप्ताह असला, पुण्यतिथी असली, की रात्ररात्र भजन रंगतं. अलीकडे मंडळातला एखादा पोरगा ट्रायपॉड लावून सगळं चित्रित करतो आणि चॅनेलवर टाकतो. हे व्हिडिओ पुण्यामुंबईत गेलेले, परदेशात गेलेले आपले लोक आवडीने बघतात. हा कंटेंट अगदी आपला. तरी काही महिन्यांनी त्यावर ‘कॉपीराइट क्लेम’ येतो आणि पोरगा चक्रावतो, कारण गायलं आपण, वाजवलं आपण, मग दावा कुणाचा?

एका भजनात हक्कांचे चार थर असतात. शब्द कुणाचे, चाल कुणाची, गायलं-वाजवलं कुणी, आणि रेकॉर्डिंग कुणाचं. तुकाराम महाराजांचे शब्द सतराव्या शतकातले, त्यांवर कुणाचा कॉपीराइट नाही. पण त्या अभंगाला एखाद्या संगीतकाराने गेल्या काही दशकांत लावलेली चाल त्या संगीतकाराची किंवा कंपनीची असू शकते. आपण कॅसेटवरून ऐकून तीच चाल म्हटली तर शब्द मोकळे, चाल बांधलेली. परंपरेने चालत आलेली, कुणाच्या नावावर नसलेली चाल म्हटली तर दोन्ही मोकळं. आणि कॅसेटचं रेकॉर्डिंगच मागे वाजवलं, तर ते रेकॉर्डिंग प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं कंपनीच्या मालकीचं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचं याहून वेगळं आहे आणि आपल्या भागात ते कळणं सगळ्यात गरजेचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं टिकतो. महाराजांचं महानिर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं. १९६९ च्या जानेवारीपासून मोजलं तर त्यांच्या हयातीतल्या प्रकाशित शब्दांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत चालतो. देवळात, धार्मिक कार्यक्रमात ते म्हणायला कायद्याची आडकाठी नाही. कलम ५२ मध्ये तशी सूट आहे. तेच भजन जाहिराती लावून चॅनेलवर चढवायचं, तर तो व्यवहार झाला आणि त्याला परवानगीचा प्रश्न येतो. ही परवानगी मागण्यात कमीपणा नाही. ज्यांच्या शब्दांवर मंडळ उभं आहे, त्यांच्या वारशाची जबाबदारी सांभाळणाऱ्यांना विचारून पुढे जावं, एवढंच.

क्लेम आणि स्ट्राइक यांतला फरकही ध्यानात घ्यावा. कंपन्यांनी आपली गाणी यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ यंत्रणेत आधीच नोंदवून ठेवलेली असतात. यंत्रणेला जुळणारा तुकडा सापडला की आपोआप क्लेम लागतो. व्हिडिओ बहुधा राहतो, त्याचे पैसे मात्र हक्कदाराकडे वळतात. चॅनेलला शिक्षा नाही. स्ट्राइक हा कायदेशीर अर्जावरून येतो. व्हिडिओ काढला जातो आणि ९० दिवसांत असे तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. क्लेम चुकीचा असेल, म्हणजे चाल खरोखर पारंपरिक असेल, तर हरकत घेता येते आणि दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. कधी कधी एखाद्या कंपनीने पारंपरिक आरती आपल्या नावे नोंदवलेली असते आणि गावच्या मंडळावर क्लेम येतो. अशा वेळी घाबरून व्हिडिओ काढू नये, हरकत घ्यावी. पण खरोखरच सिनेमाचं गाणं असेल तर हरकत घेत बसू नये. ‘पाच सेकंदांपर्यंत चालतं’, ‘खाली क्रेडिट दिलं की झालं’ या दोन्ही ऐकीव गोष्टींना कायद्यात आधार नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजे वाजतोच. तो भाग म्यूट करून ढोल-लेझीमच्या आवाजाचा तुकडा ठेवला तर व्हिडिओचं उत्पन्न वाचतं.

इन्स्टाग्रामवर गाण्यांची लायब्ररी दिसते म्हणून ती सगळ्याला चालते असंही नाही. ती गाणी स्वतःच्या रीलपुरती. दुकानदाराकडून पैसे घेऊन त्याच्या साड्यांची रील केली आणि मागे हिंदी गाणं लावलं, तर ती जाहिरात झाली आणि तिला गाण्याची वेगळी परवानगी लागते. इन्स्टावर आपल्याकडे मुख्य कमाई अशाच जाहिरातींची असल्याने हा मुद्दा छोट्या गावातही लगेच येतो.

मालकीसारखाच दुसरा प्रश्न जागेचा, आणि पुलगावात तो इतर गावांपेक्षा कडक आहे. गावाला लागून केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या पहाटे इथे लागलेल्या आगीत जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. त्या रात्रीचे हादरे गावाला अजून आठवतात. १९२३ च्या गोपनीयता कायद्यात अशा संरक्षण ठिकाणांचं चित्रण, नकाशा, माहिती गोळा करणं हा गंभीर गुन्हा ठरू शकतो. ‘डेपोच्या आत काय आहे’ असा थंबनेल लावलेल्या व्हिडिओला लाखभर व्ह्यूज येतीलही, पण त्या व्ह्यूजच्या मागे लागू नये. ड्रोनचं तसंच. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. लग्नाचं ड्रोन शूटिंग घेणाऱ्यांनीही आधी नकाशा बघावा.

रेल्वेचा नियमही आपल्या दारातला. पुलगाव–आर्वी या जुन्या नॅरोगेज गाडीवर कुणी चांगला व्हिडिओ केला तर मला व्यक्तिशः आनंद होईल. हा विषय आपल्याशिवाय कुणी नीट सांगणार नाही. पण व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते आणि रुळांवर उतरून रील करणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली येतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. जुने फोटो इंटरनेटवरून उचलू नयेत; फोटोवरचा हक्कही साधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. गावातल्या जुन्या कुटुंबांच्या अल्बममध्ये फोटो असतील तर त्यांच्याकडून मागून, लेखी परवानगी घेऊन वापरावेत.

डेपोत, शाळेत, तहसिलीत नोकरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नियम १५ लागू आहे; पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही. अधूनमधून केलेलं साहित्यिक, कलेचं काम चालतं, पण दरमहा जाहिरातीचे पैसे देणारं चॅनेल त्यात बसेल असं गृहीत धरू नये. बायकोच्या नावाने चॅनेल काढलं तर सुटलो, असंही नाही. कुटुंबातलं कुणी धंदा करत असेल तर ते कार्यालयाला कळवायचं असतं, असं त्याच नियमात आहे. राज्याच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्राचे वर्तणूक नियम आहेत. एक अर्ज करून लेखी उत्तर घेणं कधीही बरं.

जाहिराती करणाऱ्यांचे नियम २०२१ नंतर एकामागून एक आले. एएससीआय या जाहिरात क्षेत्रातल्या स्वयंनियमन संस्थेचे नियम जून २०२१ पासून. ग्राहक व्यवहार विभागाची मार्गदर्शिका जानेवारी २०२३ ची. पैसे, फुकट वस्तू, सवलत, काहीही घेतलं असेल तर ते व्हिडिओत स्पष्ट दिसेल असं सांगायचं. कॅप्शनच्या शेवटी हॅशटॅगच्या ढिगात दडवायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. मधुमेह बरा करणाऱ्या काढ्याची जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच बंद आहे. शेअरच्या टिप्स देणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात तर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने गुन्हाच झाली, दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. या ॲप्सनी गावागावातल्या रीलवाल्या पोरांना पैसे देऊन जाहिराती करून घेतल्या होत्या आणि बघणाऱ्या पोरांचे पैसे बुडाले. हा कायदा यायलाच हवा होता असं मला वाटतं. महाराष्ट्रात आणखी एक, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. चमत्काराचा प्रचार करून लोकांना फसवणं त्यात गुन्हा आहे. एखाद्या बाबाच्या चमत्काराचा व्हिडिओ श्रद्धेने टाकतोय म्हणणाऱ्याने हा कायदा एकदा वाचावा.

पैसे आले की कर. पैसे डॉलरमध्ये आले म्हणून ते करातून सुटत नाहीत. ते व्यवसायाचं उत्पन्न आहे आणि रिटर्नमध्ये दाखवायचं. २०२५ च्या रिटर्न फॉर्मपासून सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ हा स्वतंत्र कोडही आला आहे. कंपनीने मोबाइल, मिक्सर असं काही दिलं आणि ते ठेवून घेतलं, तर जुलै २०२२ पासून वर्षात २० हजारांवरच्या अशा वस्तूंवर १० टक्के टीडीएस लागतो. कंपनीची वस्तू परत केली तर नाही. एकूण उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी. भजनासारखे व्हिडिओ अमेरिकेत बघितले जातात, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांपासून आलेल्या भागावर अमेरिकेचा कर कापला जातो. ॲडसेन्समध्ये डब्ल्यू-८बेन हा फॉर्म पॅन नंबर देऊन भरला तर भारत-अमेरिका कर करारानुसार तो १५ टक्के असतो. फॉर्म भरलाच नाही तर जगभरातल्या सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. दहा मिनिटांचा फॉर्म आहे, पण कित्येक जण तो इंग्रजीत आहे म्हणून तसाच सोडतात.

शेवटचा मुद्दा घरातल्या आणि मंडळातल्या पैशाचा. भजनी मंडळात बारा-पंधरा जण असतात, ॲडसेन्स एकाच्या नावे असतं. गायक आणि वादक यांनाही कायद्याने आपल्या सादरीकरणावर हक्क आहे. कलम ३८ प्रमाणे तो ५० वर्षं टिकतो. म्हणजे ज्याच्या हातात मोबाइल तोच मालक असं नाही. पहिले १०० डॉलर येण्याआधीच मंडळाने बसून एका कागदावर लिहावं. चॅनेल कुणाचं, पासवर्ड कुणाकुणाकडे, खंजिरीवाल्याला किती, पेटीवाल्याला किती, मंदिराला किती, कुणी मंडळ सोडलं तर त्याच्या जुन्या व्हिडिओंचं काय, आणि कर कोण भरणार. सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रत्येकाला एक झेरॉक्स द्यावी.